फादर थॉमस स्टीफन्स

मराठीत ओवीबद्ध पुराण रचणाऱ्या कवींमध्ये एक इंग्रज गृहस्थही होऊन गेले, हे आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांस ठाऊक नसेल. ते म्हणजे ‘क्रिस्तपुराणा’चे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स.

त्यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडातील विल्टशायर परगण्यात झाला. ते वयात आले तेव्हा तेथे एलिझाबेथ राणीचे राज्य होते. प्रजेने कोणत्या पंथाने उपासना करावी हे राजसत्ता ठरवी. काय छापावे यावरही तिचीच नजर असे. स्टीफन्स कॅथलिक पंथाचे. श्रद्धेसाठी त्यांनी मायभूमी सोडली, १५७५ मध्ये रोम येथे जेझुइट संघात प्रवेश केला आणि १५७९ च्या ऑक्टोबरात ते गोव्यास पोहोचले. पुढील चाळीस वर्षे त्यांनी याच भूमीत, बहुतांशी साष्टी प्रांतात, वेचली.

एका सत्तेच्या जाचातून सुटलेला हा पुरुष दुसऱ्या सत्तेच्या छायेत आला. साष्टीतील देवळे पोर्तुगिजांनी पाडली होती, जुन्या पोथ्यांवर बंदी होती. आणि स्टीफन्स त्याच सत्तेच्या आश्रयाने धर्मप्रसार करीत होते, हे आम्ही विसरता कामा नये. पोथ्या हिरावल्या गेलेल्या नवख्रिस्ती जनांस पुराणश्रवणाची ओढ मात्र उरली होती. त्यांच्यासाठी स्टीफन्स यांनी सुमारे ११ हजार ओव्यांचा ग्रंथ रचला. तो १६१६ मध्ये रायतूर येथे छापला गेला.

ग्रंथ छापण्यास धर्माधिकाऱ्यांची संमती लागे. कथा बायबलातील, तीत फेरफार करण्याची मुभा नव्हती. परंतु ती कोणत्या शब्दांत सांगावी, एवढे स्वातंत्र्य कवीच्या हाती होते आणि ते त्यांनी पुरेपूर वापरले. छंद त्यांनी आमच्या संतकवींचा घेतला; स्वर्गास वैकुंठ म्हटले. लिपीच्या बाबतीत मात्र त्यांचे काही चालले नाही. येथील अक्षरांचे खिळे पाडण्याची परवानगी त्यांनी १६०८ मध्ये रोमला पत्र लिहून मागितली होती. तरीही हे मराठी पुराण रोमन अक्षरांतच छापावे लागले.

आमची मायबोली कोंकणी. तिचे व्याकरणही त्यांनीच लिहिले. १६१९ मध्ये गोव्यातच त्यांचा देहान्त झाला व ते व्याकरण १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज राजप्रतिनिधीने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. ते फर्मान आज इतिहासजमा झाले आहे. कोंकणी नांदते आहे आणि ‘क्रिस्तपुराण’ आता देवनागरीतही वाचावयास मिळते.

आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात कोणाच्या घरी मराठी, कोणाच्या घरी तेलुगू, तर कोणाच्या घरी गोंडी बोलली जाते. कोणती भाषा मोठी, हा वाद घालण्यापूर्वी विद्यार्थ्यांनी हे चरित्र आठवावे. परक्याची भाषा आदराने शिकणारा माणूस तिच्यात स्वतःचे घर बांधू शकतो. आणि हुकूम कोणाचाही असो, नेमका शब्द निवडण्याचा अधिकार सहजासहजी सोडू नये, हेच त्यांच्या जीवनाचे सार आम्हांस वाटते.