येलवालला आलेले विनोबा

आपण बहुतेकजण नोकरीनिमित्त म्हैसूरला आलो आणि येलवाल परिसरात घरे करून इथलेच झालो. हुणसूर रस्त्यावरील या गावाचे नाव एका मराठी माणसामुळे देशाच्या इतिहासात गेले, हे मात्र मला कित्येक वर्षे माहीत नव्हते. तो माणूस म्हणजे आचार्य विनोबा भावे. ११ सप्टेंबर हा त्यांचा जन्मदिवस गणेशोत्सवाच्या आगेमागेच येतो, म्हणून यंदा स्मरणिकेसाठी हा विषय घेतला.

विनायक नरहरी भावे यांचा जन्म १८९५ साली कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील गागोदे गावी झाला. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी ते बडोद्याहून मुंबईच्या गाडीत बसले, पण वाटेत सुरतेलाच उतरून काशीला गेले. आम्हा रेल्वेवाल्यांच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी त्या दिवशी लाईन बदलली, ती कायमची. त्याच वर्षी ते गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले. पुढे वेलोरच्या तुरुंगात त्यांनी दक्षिणेतील चारही भाषांचा अभ्यास केला. इतकी वर्षे राहूनही कन्नड पाट्या अडखळत वाचणाऱ्या माझ्यासारख्याने यातून बोध घ्यावा.

तेलंगणात जमिनीवरून रक्तपात चालू असताना १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीच्या भूमिहीनांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. रामचंद्र रेड्डी यांनी तिथल्या तिथे १०० एकर देऊ केली. तेथून भूदान सुरू झाले आणि विनोबा तेरा वर्षे देशभर पायी फिरले. पोट आणि जमीन यांचा प्रश्न सुटल्याशिवाय शांतता टिकत नाही, हे त्यांचे सूत्र होते. पुढे गावाने जमिनीची मालकी एकत्रितपणे ग्रामसभेकडे सोपवावी, असा ग्रामदानाचा विचार आला.

ऑगस्ट १९५७ मध्ये केरळात त्यांनी शांतिसेना उभी केली. दर पाच हजार लोकांमागे एक शांतिसैनिक असावा, त्याने एरवी गावाची सेवा करावी आणि दंगल झाल्यास निःशस्त्र मध्ये उभे राहावे, अशी कल्पना होती. पुढच्याच महिन्यात, २१ व २२ सप्टेंबरला, आपल्या येलवालला ग्रामदान परिषद भरली. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद, पंतप्रधान नेहरू, जयप्रकाश नारायण, केरळचे कम्युनिस्ट मुख्यमंत्री नंबुद्रीपाद असे एरवी एकमेकांशी न पटणारे नेते एकत्र बसले आणि सर्वांनी ग्रामदानाला पाठिंबा दिला.

याच कर्नाटकच्या पदयात्रेत विनोबांनी ‘जय जगत’ हा अभिवादनाचा मंत्र दिला. परदेशी स्वयंसेवकही त्यांच्याबरोबर चालत. इंग्लंडचे क्वेकर कार्यकर्ते डोनाल्ड ग्रूम हे त्यांपैकी एक. १९६२ च्या आरंभी लेबनॉनमधील ब्रुमाना येथे जागतिक शांतिसेना स्थापन झाली, तेव्हा तिच्या तीन अध्यक्षांत जयप्रकाशजी होते. त्याच वर्षी विनोबांचा आशीर्वाद घेऊन सतीशकुमार व ई. पी. मेनन हे दोन तरुण अण्वस्त्रांविरुद्ध दिल्लीहून पायी निघाले. खिशात पैसा न ठेवता ते मॉस्को, पॅरिस, लंडन आणि शेवटी वॉशिंग्टनला पोहोचले. १९८१ साली कॅनडात आंतरराष्ट्रीय शांति ब्रिगेड सुरू झाली, तिच्या उभारणीत शांतिसेनेचे नारायण देसाई होते. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनारला विनोबांनी देह ठेवला.

सगळे यशस्वी झाले असे नाही. भूदानातील पुष्कळ जमीन नापीक निघाली, कितीतरी जमीन वाटलीच गेली नाही, आणि अनेक ग्रामदाने कागदावरच राहिली. रूळ टाकून काम संपत नाही. रोज चालत जाऊन तपासणारा गँगमन लागतो. देश-परदेशात सेवेला जाणाऱ्या प्रत्येकाला हे लागू आहे. तिथली भाषा शिकावी, आपला भार दुसऱ्यावर टाकू नये आणि सत्कार आटोपल्यावरही कामाला थांबावे.

आपले कार्यकर्ते दहा दिवस मंडपात राबतात. त्यातील चौघांनी जरी उरलेले वर्षभर इथल्या कन्नड शेजाऱ्यांच्या अडीनडीला धावून जायचे ठरवले, तरी येलवालला राहिल्याचे सार्थक होईल. श्रीगजानन आपल्याला तशी बुद्धी देवो.

गणपती बाप्पा मोरया!