सँडो आणि दंडाची मागची बाजू

सँडो बनियन घराघरांत असते. तो सँडो कोण, हे मात्र क्वचितच कुणी विचारते.

यूजेन सँडो, मूळचा फ्रीडरिख म्युलर, १८६७ साली प्रशियातल्या क्योनिग्सबर्गला जन्मला. १८८९ मध्ये लंडनच्या रंगमंचावर सॅम्पसन नावाच्या नामांकित ताकदवानाला त्याने हरवले आणि रातोरात त्याचे नाव झाले. खेळात तो अवजड वजने उचली; पण १८९७ च्या पुस्तकात सामान्य माणसाच्या हाती त्याने हलके डंबेल्सच दिले. मन स्नायूवर ठेवा, आवर्तने हळूहळू वाढवा, असे त्याचे सांगणे. (बँकेतही रिकरिंगवाल्याचेच खाते शेवटी भरे!)

पोरे बेटकुळी फुगवून दाखवतात. दंडाचा मोठा भाग मात्र मागचा, ट्रायसेप्सचा. कोपर सरळ करणे हे त्याचे काम. आपल्या जोरांतही तोच राबतो. डंबेल डोक्यामागे नेऊन हात सरळ करण्याचा व्यायाम त्याच्यासाठी उत्तम. पण वजन झेपेनासे झाले की कंबर वाकते, कोपर फाकतो आणि सांधा कुरकुरतो. म्हणून वजन बेताचे, कोपर स्थिर, खाली आणणे सावकाश. स्नायू थकला तर हरकत नाही; सांध्यात कळ आली की तिथेच थांबायचे.

१९०१ मध्ये सँडोने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये शरीरसौष्ठव स्पर्धा भरवली. परीक्षकांत शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉयल होते. १९०५ च्या सुमारास तो हिंदुस्थानातही येऊन गेला. १९२५ मध्ये, अवघ्या ५८ व्या वर्षी तो वारला. लंडनमधल्या त्याच्या थडग्यावर कित्येक वर्षे नावही नव्हते.