दोन मित्रांनी वाचवलेला शेक्सपिअर

इंग्रजी नाटककार आणि कवी विल्यम शेक्सपिअर हा इंग्लंडमधल्या स्ट्रॅटफर्ड गावचा. तिथल्या चर्चमध्ये २६ एप्रिल १५६४ रोजी त्याचा बाप्तिस्मा झाला. वडील जॉन हातमोजे बनवायचे. गावच्या कारभारात ते सर्वात वरच्या पदापर्यंत गेले, पण पुढे पैशांची ओढाताण सुरू झाली. विल्यमचं लग्न अठराव्या वर्षी झालं. बायको अ‍ॅन आठ वर्षांनी मोठी. एक मुलगी, मग जुळी. कॉलेज वगैरे काही झालं नाही.

१५९२ पर्यंत लंडनच्या रंगभूमीवर त्याचं नाव झालं होतं. प्लेगमुळे नाट्यगृहं बंद पडली, तेव्हा त्याने दोन दीर्घकाव्यं छापली. १५९४ नंतर तो एका नाटक मंडळीत नट, लेखक आणि भागीदार होता. खरी कमाई या भागीदारीचीच. कारण नाटक एकदा मंडळीला दिलं, की त्यावर लेखकाचा हक्क उरत नसे.

१५९६ मध्ये अकरा वर्षांचा एकुलता एक मुलगा हॅम्नेट गेला. पुढच्याच वर्षी शेक्सपिअरने गावात मोठं घर घेतलं.

तिकडे लंडनमध्ये नाट्यगृहाच्या जागेचा करार संपला आणि जागामालकाशी वाद पेटला. मंडळीने १५९८ च्या डिसेंबरात अख्खं लाकडी नाट्यगृह उतरवलं आणि तेच लाकूड वापरून १५९९ मध्ये थेम्स नदीपलीकडे 'ग्लोब' उभं केलं. १६१३ मध्ये प्रयोग चालू असताना तोफेची ठिणगी गवती छपरावर पडली आणि ग्लोब जळून गेलं. ते पुढच्या वर्षी पुन्हा उभं राहिलं.

२३ एप्रिल १६१६ रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी शेक्सपिअर वारला. मृत्युपत्रात त्याने तीन सहकारी नटांना आठवणीची अंगठी घेण्यासाठी पैसे ठेवले होते. त्यातल्या हेमिंग्ज आणि कॉन्डेल या दोघांनी मित्राची ३६ नाटकं गोळा करून १६२३ मध्ये एका ग्रंथात छापली. त्यातली निम्मी तोवर छापलीच गेली नव्हती. 'मॅकबेथ', 'ज्युलियस सीझर', 'टेंपेस्ट' त्यातलीच. हस्तलिखितं तर पुढे नाहीशीच झाली.

शि. म. परांजपे यांचं 'मानाजीराव' हे 'मॅकबेथ'वरूनच आलं. त्या दोघा नटांनी हे काम अंगावर घेतलं नसतं, तर मराठी रंगभूमीलाही 'मानाजीराव' बहुधा मिळालं नसतं.