औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी



आमच्या कंग्राळीच्या परिसरात कुणाच्या कमरेत उसण भरली, की चोळणाऱ्याकडे धाव घेण्याची जुनी रीत आहे. दुखणे आल्यावर उपाय शोधणारे पुष्कळ. परंतु पाठीचा कणा बळकट राहावा म्हणून सारे आयुष्य झटणारा पुरुष विरळा. औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे असे एक पुरुष होते.

त्यांचा जन्म १८६८ साली झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते पदवीधर झाले. तरुणपणी त्यांनी युरोपातील प्रसिद्ध मल्ल सँडो याची साधने विकत आणली व सुमारे १० वर्षे त्या पद्धतीने व्यायाम केला. पुढे १९०८ च्या सुमारास मिरजेच्या अधिपतींचे उदाहरण पाहून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि मग त्यांनी ते कधी सोडले नाहीत. या व्यायामाला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. साडेतीन हात जागा असली म्हणजे पुरे. गरिबाच्या मुलालाही तो घेता येतो, हे त्यांनी ओळखले.

नमस्कारात कणा आधी पुढे वाकतो, मग छाती वर उचलताना मागे वाकतो, आणि पुन्हा पुढे येतो. आपल्या कण्यात मानेचे ७, पाठीचे १२ व कमरेचे ५ मणके असतात. त्यांखाली माकडहाडापर्यंतचे जुळलेले मणके येतात. डोलकाठीला जसे दोर, तसे या मणक्यांना सभोवतीचे स्नायू सावरून धरतात. पोटाचे व पाठीचे स्नायू दोन्ही बाजूंनी सारखे राबले, म्हणजे कणा सावरलेला राहतो.

१९०९ साली बाळासाहेब गादीवर आले. आपल्या संस्थानातील शाळांत त्यांनी सूर्यनमस्कार सुरू केले व स्वतः ग्रंथ लिहिले. सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना, १९३६ साली, ते इंग्लंडला गेले. तेथे त्यांची तडफ पाहून लोक चकित झाले आणि १९३८ साली लंडनमध्ये त्यांच्या पद्धतीवर इंग्रजी पुस्तक निघाले. नमस्कारांनी बहुतेक सारे रोग बरे होतात असे त्यांना वाटे. आजचे वैद्यक इतके मान्य करीत नाही. ज्याचा कणा खरोखर दुखतो त्याने आधी डॉक्टरांस दाखवावे, हेच बरे. परंतु नियमित हालचालीने पाठ निकोप राहण्यास मदत होते, हा त्यांच्या सांगण्यातील गाभा खरा आहे.

आम्हां बेळगावकरांचा त्यांच्याशी आणखी एक ऋणानुबंध आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातील कारखान्याची जागा सोडावी लागली, तेव्हा १९१० साली बाळासाहेबांनी त्यांना कुंडलजवळचा माळ दिला. आमच्या गावी जन्मलेला लोखंडी नांगर तेथे वाढला. त्या माळाचेच किर्लोस्करवाडी झाले.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी कृती याहून निराळी आहे. सत्ता हाती असलेला मनुष्य ती सहसा सोडत नाही. परंतु १९३९ साली, पुत्र अप्पासाहेब यांच्या साह्याने आणि महात्मा गांधींच्या सल्ल्याने, त्यांनी आपल्या ७२ गावांचा कारभार प्रजेच्या हाती दिला. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत स्थापन झाली. तेथे तुरुंगाच्या भिंतींऐवजी शेती व विश्वास होता. पुढे १९४८ साली औंध भारतात विलीन झाले आणि १९५१ साली बाळासाहेब निवर्तले.

या दोन गोष्टी आम्हांस वेगळ्या वाटत नाहीत. दुसऱ्याने धरून ठेवलेली पाठ फार वेळ ताठ राहत नाही. ती स्वतःच्या स्नायूंनीच उभी राहावी लागते. प्रजेनेही स्वतःच्या बळावर उभे राहावे, असे त्या राजाला वाटले आणि त्याप्रमाणे त्याने केले.

बालमित्रांनो, जड दप्तर एकाच खांद्यावर टाकून चालताना, मान मोडून तासन् तास पडद्याकडे पाहताना, या वृद्ध राजाचे स्मरण करा. उद्या सकाळी अंगणात उभे राहा, आणि थोडेच परंतु नेमाने नमस्कार घाला.