आयडाबाई वेल्स

अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यातील होली स्प्रिंग्ज या गावी १६ जुलै १८६२ रोजी एका गुलाम दांपत्याच्या पोटी आयडाबाईंचा जन्म झाला. पुढे तेथील यादवी युद्ध संपले, गुलामगिरी गेली आणि कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार मिळाला. आयडाबाईंचे वडील सुतार होते. मालकाने सांगितलेल्या पक्षाला त्यांनी मत दिले नाही. परतून पाहतात तो कारखान्याला कुलूप! एक शब्दही न बोलता ते बाजारात गेले, नवी हत्यारे घेतली आणि दुसरे घर भाड्याने घेतले. कू क्लक्स क्लान या गौरवर्णीयांच्या गुप्त टोळीची तेव्हा मोठी दहशत होती. वडील रात्री राजकीय सभेस गेले की आई येरझारा घालीत बसे.

१८७८ च्या पीतज्वराच्या साथीत आईबाप दोघेही वारले. सोळा वर्षांच्या आयडाबाईंनी शिक्षिकेची नोकरी धरून भावंडे सांभाळली. पुढे मेम्फिस शहरी त्या एका वर्तमानपत्राच्या भागीदार व संपादिका झाल्या.

त्यांचे स्नेही टॉमस मॉस यांनी काही भागीदारांसह किराणा दुकान काढले होते. ते चांगले चालू लागले आणि शेजारच्या गोऱ्या दुकानदाराच्या डोळ्यांत सलू लागले. तंटा वाढला, एका रात्री दुकानावर चालून आलेल्यांपैकी काहीजण गोळीबारात जखमी झाले. मॉस व त्यांचे दोन सहकारी तुरुंगात पडले. ९ मार्च १८९२ रोजी पहाटेपूर्वी जमावाने त्यांना तुरुंगातून ओढून नेऊन गोळ्या घातल्या. खटला नाही, साक्ष नाही.

अशा हत्यांना तेथे ‘लिंचिंग’ म्हणत. स्त्रियांच्या अब्रूचे रक्षण, हे त्यांचे नेहमीचे समर्थन. आयडाबाईंनी गोऱ्यांच्याच वर्तमानपत्रांतील बातम्या जुळवून हिशेब मांडला. निघाले असे, की तसा नुसता आरोपदेखील सुमारे एक तृतीयांश प्रकरणांतच होता! आम्हांस त्यांच्या साऱ्या कार्यात हा हिशेब सर्वांत मोलाचा वाटतो. शत्रूच्याच वहीतून काढलेली बाकी त्याला नाकारता येईना. मग मे महिन्यात, त्या परगावी असताना, त्यांचा छापखाना उद्ध्वस्त करण्यात आला. परतल्यास प्राण घेऊ, अशी धमकी आली.

१८९३ व १८९४ साली इंग्लंडात जाऊन त्यांनी व्याख्याने दिली. रविवारी देवळात प्रार्थना करणारे प्रतिष्ठित लोक या हत्यांबाबत मौन का पाळतात, असा त्यांचा रोख होता. ख्रिस्ती मद्यपानबंदी चळवळीच्या थोर पुढारी फ्रान्सिस विलर्ड यांनाही त्यांनी सोडले नाही. सज्जनांना दुखविणे अधिक कठीण असते, नाही का?

१८९८ साली थेट राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांची भेट घेऊन त्यांनी या हत्यांविरुद्ध दाद मागितली. २५ मार्च १९३१ रोजी शिकागोत त्या निवर्तल्या. योगायोग असा, की जुन्या ग्वाल्हेर संस्थानातील मुंगावलीत ज्यांचे बालपण गेले, ते ‘प्रताप’चे संपादक गणेश शंकर विद्यार्थी त्याच दिवशी कानपूरच्या दंगलीत लोकांना वाचविताना मारले गेले.

लिंचिंगविरुद्धचे पहिले विधेयक अमेरिकेच्या संसदेत १९०० साली आले होते. देशव्यापी कायदा झाला तो मार्च २०२२ मध्ये.