पौर्णिमेचे गणित सुलभ करणारे गणेश दैवज्ञ

आज श्रावणी पौर्णिमा. कोकणच्या किनाऱ्यावर सागराला श्रीफळ अर्पण होईल आणि सूर्य मावळता मावळता पूर्वेस पूर्णचंद्र उगवेल. या मंगल दिनी ज्यांचे स्मरण अवश्य करावे, असे एक थोर पुरुष याच सागरतीरावर होऊन गेले. ते म्हणजे ग्रहलाघवकर्ते गणेश दैवज्ञ.

मुरूडजवळचे नांदगाव, म्हणजेच ग्रंथांतरीचे नंदिग्राम, हे त्यांचे गाव. शके १४२९, अर्थात इ.स. १५०७ च्या सुमारास, कौशिक गोत्री केशव दैवज्ञ व लक्ष्मी यांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. केशव दैवज्ञ स्वतः मोठे ज्योतिर्विद. ग्रहकौतुक, मुहूर्ततत्त्व इत्यादी ग्रंथ त्यांचे. पोथीच्या गणिताने ग्रह जेथे येतो तेथेच तो आकाशात दिसतो की नाही, हे ते स्वतः वेध घेऊन पाहत. हा ध्यासच त्यांनी पुत्राच्या हाती वारसा म्हणून दिला.

भाविकहो, या वेधाचे महत्त्व काय? सूर्य व चंद्र यांमधील अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी होते. ते १८० अंश झाले की पौर्णिमा पूर्ण होते. त्या सुमारास चंद्र ज्या नक्षत्राच्या सन्निध असतो, त्यावरून मासाचे नाव पडले. चित्रेवरून चैत्र, कृत्तिकांवरून कार्तिक, श्रवणावरून आजचा श्रावण. परंतु चंद्राची गती सारखी नसते. तिथी कधी २० तासांच्या आसपास आटोपते, तर कधी २६ तासही पुरत नाहीत. म्हणून पौर्णिमा कधी आदल्या सायंकाळीच लागते आणि दुसऱ्या दिवशी चंद्रोदयापूर्वी संपते. होलिकादहनास प्रदोषकाळची पौर्णिमा हवी, कोजागरीस मध्यरात्रीची. गणित चुकले की व्रताचा दिवसच चुकला!

ग्रहलाघवाचा आरंभकाल शके १४४२, म्हणजे इ.स. १५२०. त्या वेळी गणेश दैवज्ञांचे वय अवघे १३ वर्षांचे होते, असे मानतात. सूर्यसिद्धान्तावर त्यांची निष्ठा होती. त्यातील सूर्य त्यांनी तसाच स्वीकारला. चंद्र घेताना मात्र त्यातून ९ कला वजा केल्या. एवढ्याने तिथीची समाप्ती सुमारे पाऊण घटका पुढे जाते. प्राचीन आर्षग्रंथाच्या अंकास हात लावणे ही सामान्य गोष्ट नव्हे. पण आकाशाची साक्ष ते सर्वश्रेष्ठ मानत, आणि ग्रंथकर्त्या ऋषींचा खरा आदर त्यातच आहे.

त्यांचा दुसरा उपकार सुलभतेचा. पूर्वीच्या रीतीत दिवसांच्या प्रचंड राशी आणि ज्याचापांची किचकट आकडेमोड करावी लागे. गणेश दैवज्ञांनी ११ वर्षांचे, ४०१६ दिवसांचे चक्र योजून ती राशी आटोपशीर केली आणि ज्याचापांवाचून ग्रह साधून दाखविले. पुढे शके १४४७ मध्ये लघुतिथिचिंतामणी रचून तिथी, नक्षत्र, योग यांची कोष्टकेच सिद्ध करून दिली. त्यामुळे खेड्यातील जोशीबुवाही पाटीवर पंचांग मांडू शकले. शके १४६७ मध्ये त्यांनी भास्कराचार्यांच्या लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली. ग्रहलाघवावर मल्लारी, विश्वनाथ यांच्यासारख्यांनी टीका केल्या आणि महाराष्ट्र, गुजरात व कर्नाटकातील पंचांगे शतकानुशतके त्याच ग्रंथाच्या आधारे झाली.

कालांतराने त्या अंकांतही अंतर पडले आणि दृक्‌गणिताची पंचांगे आली. यात गणेश दैवज्ञांचा अधिक्षेप मुळीच नाही. पित्याने आकाश पाहिले, पुत्राने पाहिले, पुढील पिढ्यांनीही पाहिले; परंपरा चालली ती अशी.

आज सायंकाळी देवापुढे दीप लावल्यावर मुलाबाळांना घेऊन अंगणात वा गच्चीवर यावे. पंचांगातील तिथी आणि पूर्वेचे बिंब यांचा मेळ त्यांना दाखवावा. नांदगावच्या त्या ज्योतिर्विदास याहून उचित वंदन कोणते?