विद्यार्थी भीमराव आंबेडकर

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव उच्चारताच महाडचे चवदार तळे, नागपूरची दीक्षाभूमी आणि भारताची राज्यघटना आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. त्यांच्या विद्यार्थिदशेविषयी मात्र आपण कष्ट आणि जिद्द यांपलीकडे फारसे बोलत नाही. ते काय शिकले आणि जे शिकले त्याचे पुढे काय केले, हा प्रश्न बहुधा मागेच राहतो. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्याच प्रश्नाचा मागोवा घ्यावा, असे आम्हांस वाटले. यास आणखी एक कारण आहे. या थोर पुरुषाचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. परंतु त्यांचा जन्म झाला मध्य भारतातील महू येथे, शिष्यवृत्ती मिळाली बडोद्याहून आणि देहावसान झाले दिल्लीत. मुलखाबाहेरचे जिणे त्यांनाही चुकले नाही.

१४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या लष्करी छावणीत भीमरावांचा जन्म झाला. वडील सुभेदार रामजी हे सैनिकी शाळेत शिक्षक होते. साताऱ्यास प्रारंभीचे शिक्षण झाल्यावर हे कुटुंब मुंबईस आले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरातील मुलाने ही परीक्षा उत्तीर्ण होणे त्या काळी इतके अपूर्व होते की, त्यासाठी सत्कारसभा भरली. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी शब्द टाकला आणि महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. तिच्या आधारे एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १९१२ साली ते बी.ए. झाले. त्यांचे विषय होते अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र.

पदवीच्या कागदावर शेजारी शेजारी लिहिलेले हे दोन विषय भीमरावांच्या मनात पुढे एकजीव झाले. राज्य कोण चालवतो हे राज्यशास्त्र सांगते; त्या राज्याचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो हे अर्थशास्त्र सांगते. ज्याच्या वाट्यास केवळ भारच आला, त्या समाजातून आलेल्या विद्यार्थ्यास हे दोन प्रश्न वेगळे मानणे परवडण्याजोगे नव्हते.

१९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांचा मुख्य भर अर्थशास्त्रावर होता. जोडीला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र आणि राज्यशास्त्र असे. सेलिग्मन हे सार्वजनिक वित्तव्यवहाराचे नामांकित अभ्यासक त्यांचे गुरू. जॉन ड्यूई यांच्या लोकशाहीविषयक विचारांचा ठसाही त्यांच्यावर तेथेच उमटला. प्राचीन भारतातील व्यापारावर प्रबंध लिहून १९१५ मध्ये ते एम.ए. झाले, आणि १९१६ च्या मे महिन्यात भारतातील जातिसंस्थेविषयी त्यांनी आपला प्रसिद्ध निबंध वाचला.

पीएच.डी.साठी लिहिलेला त्यांचा ग्रंथ ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासाविषयी आहे. तो १९२५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. विषय वरवर रुक्ष वाटतो. १८३३ च्या कायद्याने सारी तिजोरी मध्यवर्ती सरकारच्या हाती गेली. १८७१ पासून प्रांतांना प्रथम ठरावीक रकमा आणि मग महसुलाचा वाटा मिळू लागला, असा हा इतिहास आहे. परंतु जमाखर्चाच्या या आकड्यांतून लेखकाने राज्यकारभाराचे मर्म शोधले. प्रांताला अधिकार दिले आणि पैसा दिला नाही, तर ते अधिकार कागदावरच राहतात. आणि कर देणाऱ्या प्रजेला जाब विचारण्याचा हक्क नसेल, तर तिजोरीच्या कितीही वाटण्या केल्या तरी प्रजेचे हित साधत नाही. हा ग्रंथ त्यांनी सयाजीराव महाराजांना अर्पण केला.

मधल्या काळात एक कटू धडा त्यांना मिळाला. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनमधील अभ्यास अपुरा सोडून १९१७ साली ते परतले आणि करारानुसार बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. हाती परदेशी विद्यापीठाची पदवी, पदरी संस्थानचे वेतन. पण त्या शहरात त्यांना भाड्याने खोली मिळेना. एका विश्रामगृहात नाव बदलून राहावे लागले. जात उघड होताच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. विद्या आणि वेतन ही दोन्ही असूनही माणूस बेघर राहू शकतो, हे कोणत्याही क्रमिक पुस्तकात नसलेले प्रकरण त्यांनी असे स्वतः अनुभवले.

पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून त्यांनी काम केले, काटकसरीने पैसे साठवले आणि शाहू महाराज व एका स्नेह्याचे साहाय्य घेऊन १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. ग्रंथालयाचे दार उघडण्यापासून ते बंद होईपर्यंत त्यांचा दिवस तेथेच जाई. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२२ मध्ये बॅरिस्टर झाल्यावर त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर डी.एस्सी.चा प्रबंध सादर केला. इंग्रजी राजवटीवरील त्यातील टीका परीक्षकांना तीव्र वाटली आणि तो पुन्हा लिहून द्यावा लागला. मांडणी बदलली, निष्कर्ष मात्र त्यांनी बदलले नाहीत. १९२३ मध्ये पदवी मिळाली आणि ग्रंथही प्रसिद्ध झाला. १८९३ साली चांदीची टांकसाळ लोकांसाठी बंद झाली, तेव्हापासून रुपये पाडणे सरकारच्या मर्जीवर आले. केन्ससारखा विद्वान या व्यवस्थेचा पुरस्कर्ता होता. आंबेडकरांनी त्याच्याशी मतभेद मांडला. नाणे वाढवणे राज्यकर्त्याच्या मर्जीवर राहिले तर महागाई वाढते आणि तिचा फटका प्रथम गरिबाला बसतो, असे त्यांचे म्हणणे होते. १९२५ मध्ये चलनविषयक शाही आयोगापुढेही त्यांनी साक्ष दिली.

विद्यार्थिदशा संपली तरी हे दोन विषय सुटले नाहीत. १९३७ साली मुंबई विधानसभेत त्यांनी कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि पुढच्या जानेवारीत हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत आला. खोती कायद्याने गेली ती १९४९ च्या अधिनियमाने. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरखाते त्यांच्याकडे होते. कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी १९४६ ची दुरुस्ती ही त्याच काळाची देणगी होय. केंद्र आणि राज्ये यांत महसुलाची वाटणी सुचवणारा वित्त आयोग घटनेच्या २८० व्या अनुच्छेदाने आला. ज्याच्या तरुणपणाची वर्षे याच प्रश्नाच्या अभ्यासात गेली, तो विद्वान त्या वेळी मसुदा समितीचा अध्यक्ष होता, हा योग विलक्षणच म्हटला पाहिजे.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीपुढे भाषण करताना त्यांनी देशाला सावध केले. राजकारणात प्रत्येकाला सारखे मत मिळाले. पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता तशीच राहिली, तर ती विसंगती एके दिवशी लोकशाहीचाच घात करील, असा त्या इशाऱ्याचा आशय होता. १९१२ साली एका पदवीत एकत्र आलेले दोन विषय ३७ वर्षांनंतर असे एका इशाऱ्यात एकवटले.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीतील अलीपूर मार्गावरील निवासस्थानी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. तेथे २०१८ मध्ये राष्ट्रीय स्मारक उभे राहिले. महूचे नाव आता डॉ. आंबेडकर नगर आहे. आपल्यापैकी अनेकांचा प्रवास या वाटांनी घडतो. मुलांना घेऊन तेथे अवश्य थांबावे. आपल्या घरांतील मुले-मुली आज अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र बहुधा चांगल्या गुणांसाठी किंवा स्पर्धापरीक्षांसाठी निवडतात. त्यात गैर काही नाही. परंतु अर्थसंकल्प वाचताना त्याचा भार कोणावर पडतो, आणि मतदान करताना त्या मताने कोणाची भाकर वाढते, हे दोन प्रश्न त्यांनी एकत्र विचारावेत, एवढीच आमची अपेक्षा आहे. ज्ञानाच्या या तपस्व्यास त्याहून उचित अभिवादन आम्हांस तरी सुचत नाही.